बुरैदाचे उस्ताद : मातीची घरे आणि ती रचणारे हात

एप्रिल १८७८. चार्ल्स डाउटी हा इंग्रज प्रवासी हाइलकडून उंटावर बसून बुरैदाला आला. शेवटची वाळूची टेकडी मागे पडली आणि समोर तट, बुरूज, गल्ल्या, घरे, मोठ्या मशिदीचा चौकोनी मिनार असे अख्खे शहर दिसू लागले. ते सगळे मातीचे होते. शेजारच्या उंच वाळूवर झाडांची निळसर काळी राई होती. वाळवंटात जणू जेरुसलेमच उभे आहे असे त्या क्षणी वाटले, हे त्याने १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले आहे.

त्या शहराचे अमीर कोण, सौदागर कोण, लढाया कोणत्या, हे इतिहासात नोंदले गेले. ज्यांनी ते ओंजळी-ओंजळीने रचले, त्यांची नावे मात्र बहुतेक विरून गेली. त्यांना तिकडे ‘उस्ताद’ म्हणत. घराचा आराखडा, सामानाचा अंदाज, बांधकाम आणि शेवटची नक्षी हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात आणि हातात असे. एकोणिसाव्या शतकातल्या बुरैदाचा वास्तुविशारद शोधायचा तर त्याच्यापाशीच जायला हवे. त्याने काय बांधले, कसे बांधले आणि ते का टिकले नाही, याची ही ओळख.

शहर आणि काळ

बुरैदा ही आजच्या सौदी अरेबियातील अल-कसीम प्रांताची राजधानी. रियाधच्या वायव्येला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, वादी अर-रुम्मा या विशाल कोरड्या नदीपात्राच्या आसऱ्याने ते वसले आहे. शेजारी उनैजा हे तितकेच नामांकित गाव. वाळूच्या टेकड्यांमधल्या सखल पट्ट्यांना इथे ‘खब्ब’ म्हणतात. तिथे पाणी वर असते, म्हणून तिथे खजुराच्या बागा. बुरैदाच्या भोवती अशा बागांची रांगच आहे, आणि खजुराच्या बाजारासाठी हे शहर आजही ओळखले जाते.

एकोणिसाव्या शतकात हे मध्य अरबस्तानातले, म्हणजे नज्दमधले, मोठे व्यापारी ठाणे होते. १८६२ साली विल्यम पालग्रेव्ह हा दुसरा इंग्रज प्रवासी सीरियन वैद्याच्या वेषात इथे राहून गेला. डाउटी आला तेव्हा हसन अल-मुहन्ना अमीर होता. १८९१ साली मुलैदाच्या लढाईत कसीमवाले हरले आणि सत्ता हाइलच्या अल-रशीद घराण्याकडे गेली. राज्यकर्ते बदलत राहिले, पण घर बांधण्याची रीत बदलली नाही. ती कोणत्याही दरबाराने ठरवलेली नव्हती. ती जमीन, झाडे आणि ऊन यांनी ठरवली होती.

उस्ताद म्हणजे कोण

‘उस्ताद’ हा फारसी शब्द आपल्याकडे तालमीत आणि गाण्यात रुळला. नज्दमध्ये तो गवंडीकामात रुळला. बोलताना त्याचा ‘स्ताद’ होतो. तिथला उस्ताद कुठल्या शाळेत शिकलेला नसे. मुलगा बापाच्या हाताखाली आधी माती तुडवी, मग विटा पाडी, मग भिंतीखालून मातीचे गोळे वर देई आणि वर्षांनंतर स्वतः भिंतीवर चढे. भिंतीवर बसण्याचा मान उस्तादाचा. खालच्यांनी गोळा वर टाकायचा, त्याने तो झेलून जागच्या जागी थापायचा.

कागदावर नकाशा नव्हता. मोजायचे ते ‘जिरा’मध्ये, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. आपला ‘हात’ हेच माप. जमिनीवर दोरी ताणून खोल्या आखल्या जात आणि मालक त्या आखणीत उभा राहून कुठे बसायचे, कुठे स्वयंपाक, गुरे आणि उंट कुठे बांधायचे हे बोलून ठरवी. मालक आणि उस्ताद यांच्या बोलण्यातूनच घर ठरत असे. आपल्या गावगाड्यात सुतार, गवंडी जसे घराघराची रीत जाणून काम करत, तसेच हे होते.

सामान : माती, झाऊ, खजूर, दगड

माती गावाजवळच्या, पुराने गाळ आणलेल्या जमिनीतून येई. तिच्यात ‘तिब्न’ म्हणजे गव्हाचे काड घालून, पाणी ओतून, पायांनी तुडवून ती काही दिवस मुरू दिली जाई. काड कुजू लागले की माती चिकट होते आणि वाळताना कमी तडकते. आपल्याकडे भिंतीच्या गिलाव्याच्या मातीत भुसा घालून ती भिजत ठेवतात, त्यामागचे शास्त्र हेच.

लाकूड ही खरी अडचण. वाळवंटात तुळईजोगे झाड मिळणे कठीण. म्हणून कसीमच्या लोकांनी ‘अथल’ लावले. हे झाऊच्या जातीचे झाड वाळूत आणि खाऱ्या मातीत तग धरते आणि झपाट्याने वाढते. डाउटीला टेकडीवर दिसलेली निळसर राई अथलचीच होती. ती वाळूला गावात शिरू देत नव्हती आणि तीच गावाची लाकडाची वखारही होती. बापाने लावलेल्या अथलाखाली पोरांचे घर उभे राही.

खजुराचे झाड अंगाच्या प्रत्येक भागाने घराला लागत असे. झावळीचे दांडे छतात जात, पात्यांच्या चटया त्यावर पसरत, सोपटाचे दोर वळत. खोड तंतुमय असल्याने वजनाखाली वाकते, म्हणून तुळईला अथल अधिक भरवशाचा मानत. दगड पायाला आणि खांबांना. खांब म्हणजे जात्याच्या तळीसारखे गोल कापलेले दगड एकावर एक रचून केलेला स्तंभ, वरून जिप्समचा गिलावा. हे गोल दगड ‘खरज’ म्हणजे मणी या नावाने ओळखले जात. एकात एक ओवलेल्या मण्यांसारखा खांब, म्हणून मणी. नावातच बांधणी सांगितलेली आहे.

भिंत कशी चढते

भिंतीच्या दोन रीती होत्या. पहिली ‘लिबन’, म्हणजे लाकडी साच्यात पाडून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची. दुसरी ‘उरूक’. यात विटा नसतात. मुरलेल्या मातीचे गोळे थेट भिंतीवर थापत हातभर उंचीचा एक थर पूर्ण घरभर फिरवायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर पुढचा. अरबीत ‘इर्क’ म्हणजे शीर किंवा मूळ, ‘उरूक’ हे त्याचे अनेकवचन. अशा भिंतीवर आडव्या रेषा उठून दिसतात, जणू भिंतीच्या शिराच.

इथे उस्तादाची पारख लागे. थर ओला असताना वर चढले तर खालचा पोट काढतो. फार वाळल्यावर चढले तर दोन थर एकजीव होत नाहीत. बोट दाबून, रंग पाहून, हवेचा अंदाज घेऊन तो ‘आता’ म्हणे. भिंत पायाशी रुंद आणि वर निमुळती घेतली जाई, त्यामुळे वजन आतल्या बाजूला झुकते आणि पाया स्थिर राहतो. बाहेरून पाहिल्यावर ही घरे जमिनीतून वर उगवल्यासारखी दिसतात, ती या निमुळतेपणामुळे.

भिंतीतल्या झरोक्यांमध्येही अशीच हुशारी आहे. नज्दच्या भिंतींवर छोट्या त्रिकोणी भोकांच्या रांगा असतात. चौकोनी भोक ठेवायचे तर वर आडवे लाकूड लागते. दोन विटा एकमेकींना टेकवून उभ्या केल्या की त्रिकोण आपोआप तयार होतो आणि लाकूड वाचते. जिथे लाकूड महाग तिथे त्रिकोण सुंदर ठरला. मशिदींच्या कमानींतही दोन लांब दगड माथ्याशी टेकवण्याची हीच युक्ती आढळते.

छत आणि खोलीची रुंदी

अथलच्या तुळया जवळजवळ ठेवून त्यावर खजुराच्या दांड्यांची आडवी ओळ, त्यावर चटई आणि वर मातीचे जाड थर असे छत. त्याला हलका उतार देऊन पाणी लाकडी पन्हळींकडे वळवायचे. ही पन्हळ, ‘मिथअब’, भिंतीपासून बरीच पुढे काढलेली असते. कारण छतावरचे पाणी भिंतीवरून ओघळले तर भिंतच घेऊन जाते.

सोलापूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूरकडच्या वाचकाला हे छत परके वाटणार नाही. आपले माळवद याच कुळातले. तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, मग पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दोन्हीकडे पाऊस थोडा, ऊन फार, म्हणून दोन्हीकडे सपाट मातीचे छत.

अथलचे खोड फार लांब सरळ मिळत नाही, त्यामुळे नज्दची खोली अरुंद आणि लांब असते. लांबी हवी तेवढी वाढवा, रुंदी झाडाच्या खोडाएवढीच. मोठे दालन हवे असेल तर मध्ये खांब घ्यावे लागतात. घराचा आकार मालकाच्या श्रीमंतीइतकाच झाडाच्या वाढीवर ठरत असे.

घराची मांडणी

बाहेरून घर मुके दिसते. गल्लीकडे उंच भिंत, खिडक्या जवळपास नाहीत, एक जाड लाकडी दार. मोठ्या दारात एक छोटे दार, ‘खोखा’. आपल्या वाड्याचा दिंडी दरवाजा तोच. दारांवर लोखंड तापवून डागलेल्या आणि रंगवलेल्या भौमितिक आकृत्या. दाराच्या वर भिंतीतून पुढे आलेली एक मातीची पेटी असते, ‘तर्मा’. घरातल्या बाईने तिच्यातून खाली वाकून पाहिले की कोण आले हे कळते आणि आलेल्याला ती दिसत नाही.

आत गेल्यावर घर उघडते. मध्ये अंगण. त्याच्या कडेने खांबांवर पेललेली सावलीची पडवी, तिला ‘मिस्बाह’ म्हणतात. मोठ्या घरांत पाहुण्यांची बाजू आणि घरच्यांची बाजू वेगळी, दोन्हींना वेगळी दारे. एखाद्या कोपऱ्यात ‘जिस्सा’, म्हणजे जिप्समने लिंपलेली खजुराची कोठी. खजूर तिच्यात दाबून भरायचे. आपल्याच वजनाने त्यातून पाझरणारा पाक तळाच्या भोकातून भांड्यात जमा होतो. आपल्याकडे धान्यासाठी पेव आणि कणग्या, तिथे खजुरासाठी जिस्सा. वर्षाचे अन्न राखणे हेही वास्तुकाराचेच काम होते.

जिन्याने वर गेले की गच्ची. तिची कठडाभिंत पुरुषभर उंच, कारण उन्हाळ्यात सगळे घर तिथेच झोपते आणि शेजारच्या गच्चीवरून नजर पडू नये. कठड्यावर पायऱ्यापायऱ्यांचे कंगोरे, ‘शुरफ’, पांढऱ्या जिप्समने मढवलेले. ते दिसायला देखणे असतात आणि पावसाचा पहिला मारही तेच झेलतात. जिप्सम पाण्याला मातीपेक्षा चिवट असल्याने भिंतीचा माथा सुरक्षित राहतो.

कॉफीचे दालन

घरात सर्वांत जास्त जीव ओतलेला भाग म्हणजे पाहुण्यांचे दालन. त्याला ‘कहवा’ असेच नाव, कारण तिथे कॉफी होते. एका बाजूला जमिनीत आखलेली चूल, ‘विजार’. तिच्यामागे भिंतीत कोनाड्यांची उतरंड, ‘कमार’, तिच्यात पितळी कॉफीपात्रे ओळीने मांडलेली. छत इतर खोल्यांहून उंच. धूर जायला आणि उजेड यायला छतात एक झाकणाचे भोक, ‘समावा’. दोरी ओढून ते उघडता, मिटता येई. मराठवाड्याच्या माळवदात याच कामासाठी ‘साणे’ असते. दोन्ही घरांत सकाळचा पहिला कवडसा वरून पडतो.

भिंतींवर जिप्समचा थर देऊन तो पुरता वाळण्याआधी सुरीने कोरत. चक्रे, तारे, त्रिकोणांच्या ओळी, पायऱ्यांसारखे चढणारे शंकू. चुकले तर मागे फिरणे नाही, कारण जिप्सम थांबत नाही. डाउटीने ही नक्षी पाहून तिचे मूळ भारतात असावे असा तर्क केला. पुढे नज्दच्या वास्तुकलेचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र वेगळे मत मांडले. अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आणि ओमानच्या कोरीवकामात भारतीय धागा आहे, पण नज्दची चक्रे आणि त्रिकोण प्राचीन मेसोपोटेमियाच्या आकृत्यांशी जुळतात, असे ते म्हणतात. म्हणजे उस्तादाच्या सुरीच्या टोकाशी कैक शतकांची आठवण होती.

उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार

बुरैदाचा उन्हाळा चाळिशीच्या बराच वर जातो आणि हिवाळ्यातल्या रात्री कडाक्याच्या असतात. इथे मातीच्या जाड भिंतीचा उपयोग कळतो. ती ऊन लगेच आत सोडत नाही. दिवसभर बाहेरचा थर तापतो, उष्णता हळूहळू आत सरकते आणि आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर माणसे गच्चीवर गेलेली असतात. पहाटे अंगणात साठलेली गार हवा दुपारपर्यंत तळमजल्यात टिकते. अंगण खोल, गल्ल्या अरुंद आणि घरे खेटून असल्याने उन्हाला जमिनीपर्यंत यायला वाव कमी मिळतो.

घरातली माणसे दिवसाच्या आणि ऋतूच्या वेळेनुसार घरातच फिरत असत. उन्हाळी दुपार खाली, रात्र वर. हिवाळ्यात विजारभोवती. मशिदींतही थंडीसाठी जमिनीखाली ‘खलवा’ नावाचे नमाजाचे दालन असे. उस्तादाने बांधलेले घर असे वापरायचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मुंबईशी असलेले नाते

या घरांना लागणारा पैसा पुष्कळदा वाळवंटापलीकडून येई. बुरैदाचे ‘उकैलात’ म्हणजे काफिल्यांचे व्यापारी. उंट आणि घोडे घेऊन ते इराक, सीरिया, इजिप्तपर्यंत जात. नज्दचे घोडे कुवेत आणि बसरा बंदरातून जहाजाने मुंबईला येत. मुंबई ही त्या काळी अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती. घोडदळ, संस्थानिक आणि शर्यतीचे शौकीन हे तिथले गिऱ्हाईक. डाउटीला उनैजात भेटलेल्या व्यापाऱ्यांपैकी काहींचा बसरा आणि मुंबईशी व्यवहार होता. जग पाहिलेली ही माणसे गावी परतली की घर मात्र गावच्या उस्तादाकडूनच, गावच्या मातीत बांधून घेत.

आज प्रवाह उलट आहे. महाराष्ट्रासह भारतभरातले कामगार, अभियंते, परिचारिका अल-कसीममध्ये कामाला जातात. बुरैदाच्या काँक्रीटच्या शहराला भारतीय हातही लागलेले आहेत. बांधणाऱ्याचे नाव घराला न लागण्याची रीत तेवढी कायम राहिली.

दरवर्षीची डागडुजी

मातीचे घर एकदा बांधून संपत नाही. दर पावसाळ्यानंतर गिलावा धुपतो, गच्चीला भेगा पडतात, पन्हळ ढिली होते. काडमातीचा नवा हात फिरवावा लागतो. आपल्याकडे माळवदावर पावसाआधी नवी माती पसरतात, गवत उपटतात, भिंती लिंपतात, तसेच. उस्तादाचे त्या घराशी नाते म्हणूनच पिढीजात असे. बापाने बांधलेल्या घराची डागडुजी मुलगा करी. कुठल्या भिंतीत ओल येते, कोणती तुळई कमजोर, हे त्याला पाठ असे.

या रीतीचे बळही यात आहे आणि दुबळेपणही. हात फिरत राहिला तर मातीचे घर शतकभर उभे राहते. रस्स शहराजवळचा मातीचा शिनाना बुरूज तर त्याहूनही जुना आहे आणि आजही २५ मीटरहून उंच आहे. हात थांबला की मात्र काही पावसाळ्यांत घर पुन्हा जमीन होते.

हिजरी १३७६ : हदामचे वर्ष

कसीममधले वयस्क लोक काळ मोजताना अजून ‘सनत अल-हदाम’चा उल्लेख करतात. हदाम म्हणजे ढासळणे. हिजरी १३७६, म्हणजे १९५६ आणि १९५७ च्या सांध्यावर, कसीमवर पाऊस आठवड्यांमागून आठवडे कोसळत राहिला. जिथे वर्षाचा पाऊस थोड्याच दिवसांत संपतो, तिथे ही झड मातीला सोसणारी नव्हती. छते जड झाली, भिंतींचे पाय विरघळले. बुरैदा आणि उनैजात असंख्य घरे बसली. घरे सोडून लोक तंबूंत राहिले.

उस्तादाचे गणित थोड्या पावसाचे होते. पाऊस पडतो, थांबतो, ऊन येते, भिंत वाळते. वाळायला उसंतच मिळाली नाही तर त्या गणिताला उत्तर नव्हते. नेमक्या त्याच सुमारास सिमेंट आले होते आणि तेलाचा पैसा येऊ लागला होता. १९७४ साली सौदी सरकारने गृहबांधणी निधी उभारून बिनव्याजी कर्जे द्यायला सुरुवात केली. लोक रुंद रस्त्यांकडेच्या काँक्रीटच्या घरांत गेले. जुने बुरैदा ओस पडले आणि त्याचा बहुतेक भाग पाडला गेला. ज्या घरांना पाऊस नमवू शकला नाही, ती दुर्लक्षाने गेली.

किल्लारीची आठवण

मराठी माणसाला ही गोष्ट ओळखीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर, उस्मानाबादची हजारो माणसे घरांखाली गेली. मातीच्या गाऱ्यातल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरचे मणामणाचे माळवद यांनी जीव घेतला. त्या पहाटेनंतर माळवदाखाली झोपण्याची हिंमत राहिली नाही आणि पुनर्वसनाच्या गावांत सिमेंट आले. ती भीती खरी होती, तिला कुणी नावे ठेवू नयेत.

तरीही दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. जुने तंत्र एका संकटासमोर हरले, हे खरे. त्या हरण्याबरोबर ऊन अडवण्याचे, हवा खेळवण्याचे, जवळच्या सामानात भागवण्याचे शहाणपणही फेकले गेले, हे नुकसान. आज बुरैदात आणि लातुरातही उन्हाळा यंत्रांच्या जोरावर काढावा लागतो. भूकंपात तग धरणारी आणि झडीत न विरघळणारी मातीची भिंत कशी बांधता येईल, हा प्रश्न उस्तादाच्या नातवाला कुणी विचारलाच नाही.

इजिप्तचा वास्तुविशारद हसन फतही याने मात्र आपल्याकडच्या गवंड्यांना असाच एक प्रश्न विचारला. लाकडाशिवाय छत कसे घालावे या पेचात असताना १९४१ साली तो अस्वानजवळच्या नुबियन गवंड्यांकडे गेला. साच्याच्या आधाराविना कच्च्या विटांची कमान चढवणारे हात त्याला तिथे सापडले. विद्यापीठात शिकलेला माणूस त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून उभा राहिला. नज्दला असा विद्यार्थी फार उशिरा मिळाला.

नावे कुणाची उरली

१९३० च्या दशकात सौदी राजा अब्दुलअजीज यांच्यासाठी रियाधमध्ये बांधलेल्या मुरब्बा राजवाड्याशी इब्न कब्बा या उस्तादाचे नाव जोडले जाते. राजवाड्याला उस्तादाचे नाव चिकटले, साध्या घरांना चिकटले नाही. बुरैदाच्या गल्लीतले घर मालकाच्या कुळाने ओळखले जाई.

याला कृतघ्नपणा म्हणता येत नाही. त्या समाजाच्या लेखी घर ही कुणा एकाची कलाकृती नव्हती. ती साऱ्या गावाची रीत होती आणि उस्ताद ती राखणारा. पण आज ती रीत तुटली असताना नाव नसल्याची किंमत कळते. नाव असते तर घराण्याचा माग काढता आला असता, शिष्य कोण हे विचारता आले असते, मातीत काड किती घालायचे हे कुणाला तरी दाखवून ठेवता आले असते.

आज काय पाहता येते

बुरैदात जुन्या शहराच्या मध्यावरचा ‘जरदा’ चौक आहे. काफिले जिथे उतरत ती ही जागा. उकैलातांचा इतिहास सांगणारे एक संग्रहालयही शहरात आहे. मातीची घरे खरोखर पाहायची तर आसपास फिरावे. अल-मिजनब येथे जुने गाव आणि बाजार डागडुजी करून उभा केला आहे. उनैजात अल-बस्साम घराण्याचा मातीचा वाडा लोकांसाठी खुला केलेला आहे. तो विसाव्या शतकातला असला, तरी अंगण, मिस्बाह, कहवा, जिप्समची नक्षी ही सगळी भाषा जुनी आहे. रियाधजवळचे दिरिया येथील तुरैफ हे मातीचे नगर २०१० साली जागतिक वारसा यादीत गेले. अशा दुरुस्त्यांमुळे काही वयस्क उस्तादांना पुन्हा काम मिळाले आणि तरुणांना ते करताना पाहायला मिळाले.

पाहताना एक करावे. नक्षीवरून नजर खाली आणावी आणि मातीच्या थरांवर ठेवावी. काही भिंतींवर थापलेल्या हाताची, बोटांची खूण वाळून राहिलेली दिसते. बुरैदाच्या उस्तादाची सही म्हणायची तर तीच.

आणि गावी परतल्यावर, आपले माळवद अजून उभे असेल तर घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला विचारावे, हे कोणत्या गवंड्याने बांधले? बहुतेकदा नाव निघते. आजीला तो माणूस आठवतो, त्याचा डावा हात कसा चाले तेही आठवते. ते नाव घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. बुरैदात हे विचारायला उशीर झाला. आपल्याकडे अजून काही आज्या आहेत.